कॉलनीतले गृहस्थ

"ये अंकल आपके साथ हैं?" विक्रांतने विचारलं, आणि अमृता म्हणाली, "नहीं. हमारी कॉलोनी में रहते हैं."

इतकंच झालं. हबीबगंज स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी, धड उजाडलंही नव्हतं तेव्हा. ती असं म्हणणार आहे हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. शिंक यावी तसं ते वाक्य तोंडातून आलं, आणि आल्यावर तिला वाटलं, आता कुणीतरी हसेल, आपणही हसू, 'अरे, मजाक कर रही हूँ' म्हणू. पण विक्रांतने नुसती मान डोलावली आणि तो पंपाने कुणाच्या तरी चाकात हवा भरू लागला. बाबा तिच्या मागे चारच पावलांवर उभे होते. काळी जुनी सायकल, पँटच्या पायाला दोरी बांधलेली, अंगात प्लांटमधून निवृत्त होताना मिळालेला राखाडी स्वेटर, आणि दांड्याला लाल फडक्यात गुंडाळून बांधलेला त्रिशूळ. इंद्रपुरीतल्या घरापासून इथवर दोघं अंधारात बरोबरच आली होती. ती थोडी पुढे, ते थोडे मागे. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं तिने एक क्षण स्वतःला सांगून पाहिलं. मग ते पुढे आले, विक्रांतसमोर हात जोडले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "हाँ जी. इनके पिताजी को मैं अच्छी तरह जानता हूँ. ये लोग पचमढ़ी जा रहे हैं सुना, तो सोचा मैं भी चौरागढ़ हो आऊँ. महादेव के लिए." विक्रांतने नाव विचारलं. "भालचंद्र," बाबा म्हणाले, आणि आडनाव गिळलं. आडनाव गिळताना त्यांचा गळा खालीवर झालेला तिने पाहिला.

सायकली निघाल्या. मंडीदीपपर्यंत ट्रकच ट्रक, त्यामुळे कुणी कुणाशी बोलण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्याचं तिला बरं वाटत होतं. ओबेदुल्लागंजला थांबू तेव्हा सांगून टाकू, असं तिने ठरवलं. हलक्या आवाजात सांगायचं, की हे माझे बाबा, सकाळी मी झोपेत होते. खरं तर ते येतील असं तिला वाटलंच नव्हतं. सायकल क्लबचे लोक एरवी भोजपूरपर्यंत किंवा सांचीपर्यंत जायचे आणि दुपारी परत यायचे. या वेळी महाशिवरात्रीच्या आधी दोन दिवसांत पचमढी गाठायची, ज्या रस्त्याने यात्रेकरू जातात त्याच रस्त्याने, अशी विक्रांतची कल्पना. तिने हे घरी जेवताना सहज सांगितलं आणि बाबांचा घास हातातच राहिला. "चौरागडाच्या रस्त्यानं?" त्यांचे वडील वरूडहून खांद्यावर त्रिशूळ घेऊन सातपुडा ओलांडत चालत गेले होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाने एकदा तरी जायचं अशी रीत होती, आणि बाबांचं ते राहून गेलं होतं. दर वर्षी शिवरात्रीला प्लांटमधली पाळी आड यायची. आई म्हणाली, "हे काय वय आहे का?" तर म्हणाले, "जन्मभर सायकलवरच प्लांटला गेलो, कोण सोडून येत होतं मला?" विसरतील, असं अमृताला वाटलं. आणि आज पहाटे दार उघडलं तर ते अंगणात बसून त्रिशूळ बांधत होते. आईने दोघांसाठी दशम्या केल्या होत्या.

ओबेदुल्लागंजला ते सगळ्यात शेवटी पोचले. ते येईपर्यंत पोह्यांच्या गाडीवर दुसरंच बोलणं रंगलं होतं, आणि आल्यावर त्यांनी गाडीच्या पलीकडची जागा धरली. तिच्यापासून लांबची. तो क्षण गेला. मग तिने बुधनीला सांगायचं ठरवलं.

एकदा, अरेरा कॉलनीत क्लबमधल्या दीप्तीच्या घरी, कुणीतरी विचारलं होतं की वडील काय करतात, आणि तिने "प्लांटमध्ये इंजिनिअर होते" असं सांगितलं होतं. तेही असंच, आपोआप. बाबा क्रेनवर होते. शेडच्या छताखालून फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे. लहानपणी ती बरखेड्याच्या शाळेत मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा एका बोटाने घराएवढं यंत्र उचलतात, आणि त्या डोळे मोठे करून ऐकायच्या. हे कधी बदललं? सायकलीचं पायडल फिरत होतं आणि ती मागे मागे जाऊन तो दिवस शोधत होती. सातवीत असताना पालकांच्या सभेला ते पाळीवरून तसेच आले होते; हातांना ग्रीसचा वास, आवाज शेडमध्ये बोलावं तेवढा. बाईंना म्हणाले, "मले तर बाप्पा ह्या पोरीचं काहीच टेन्शन नाही." मागच्या बाकावरच्या पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांच्या मुलीने ते 'मले' दोनदा हळूच म्हणून पाहिलं होतं, चव घेतल्यासारखं. त्या संध्याकाळी अमृता म्हणाली, "बाबा, मला म्हणा ना. मले काय?" ते जेवत होते. "मला," ते म्हणाले. मग पाढे म्हटल्यासारखं, "मला, तुला, त्याला." आई हसली, ती हसली, तेही हसले. तेव्हापासून घरात ते 'मला'च म्हणत. तिला ती एक गंमत वाटत आली होती. आज, बुधनीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना पानं गळून उघडा पडलेला साग असताना, गार वारा कानांत शिरत असताना, तिला प्रथमच वाटलं की त्या दिवशी माणूस जेवता जेवता थांबला होता आणि त्याने पुन्हा घास घेतला होता की नाही हे आपल्याला आठवत नाही.

नर्मदेच्या पुलावर ती थांबली. बाकीचे पुढे गेले. खाली पाणी संथ होतं, घाटावर कुणी दिवे सोडत होतं. ती कठड्याला सायकल टेकवून मागच्या रस्त्याकडे पाहत राहिली. ट्रक, जीप, ट्रॅक्टर. काळी सायकल दिसत नव्हती. कुठे पडले असतील, ट्रकने हूल दिली असेल. मग ते दिसले. पायडल मारताना खांदे डावीकडे-उजवीकडे जात होते, लाल फडकं फडफडत होतं. तेवढ्यात पाठीमागून दीप्तीची हाक आली, "काय गं, पंक्चर?" दीप्ती मूळची इंदूरची, क्लबमध्ये तिच्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. आणि बाबा जवळ येताच अमृताने मान वळवली आणि नदीकडे पाहिलं. ते तिच्याकडे न पाहता पुढे गेले. पुलावर त्यांनी एक हात सोडून नदीला नमस्कार केला.

पुलापलीकडच्या हॉटेलात ते रंगात आले. चहा बशीत ओतून फुर्रकन ओढला. निनादला ते इतकं आवडलं की त्यानेही बशी मागितली. क्लबमधला सगळ्यात अबोल माणूस तो, पण अंकलच्या शेजारी जाऊन बसला. बाबांनी क्रेनच्या गोष्टी सांगितल्या. क्रेनच्या! एकदा लाइट गेले आणि ते वर केबिनमध्येच अडकले, खाली डबा, वर भूक, शेवटी दोरीने डबा वर ओढून घेतला, आणि तो मध्येच उघडून सगळं वरण फोरमनच्या डोक्यावर. विक्रांत हसून हसून खोकला. ती चहाच्या कपात पाहत बसली होती. ही गोष्ट तिने कधीच ऐकली नव्हती. ज्या माणसांसमोर तिने त्यांना लपवलं होतं तीच माणसं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली होती, आणि तिची लाज कुठे ठेवावी हे तिला कळेना. ती लाज आता निव्वळ तिची होती. तिला दुसरं कुणी भागीदारच नव्हतं.

"अंकल, बच्चे कितने हैं आपके?" दीप्तीने विचारलं.

"एक लड़की है," बाबा म्हणाले. बशी खाली ठेवली. "बाहर रहती है."

"बाहर यानी? अमेरिका?"

"ऐसा ही समझो. अपनी दुनिया में है. अच्छी है."

त्यांनी हे बोलताना अमृताकडे पाहिलं नाही. टोमणा असता तर त्यांनी पाहिलं असतं. तिला ते ओळखता आलं असतं, त्यांचा टोमणा ती लहानपणापासून ओळखत होती. हे तसं नव्हतं. आपल्या गैरहजर मुलीबद्दल एखादा बाप कौतुकाने आणि थोड्या उदासपणे सांगतो तसंच ते होतं.

सोहागपूरला मुक्काम. क्लबच्या खोल्या एका लॉजमध्ये होत्या. बाबा म्हणाले, मी धर्मशाळेत उतरतो, तिकडे आमच्या गावाकडचे लोक असतात. विक्रांतने आग्रह केला, निनादने केला. तिने नाही केला. संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवले का गं ते? पाय दुखतायत का? रात्री मोजे घालून झोपायला सांग." अमृता म्हणाली, सांगते. "एकाच ठिकाणी आहात ना?" ती म्हणाली, हो. फोन ठेवल्यावर तिने पिशवीतून दुखण्याच्या गोळ्या काढल्या आणि धर्मशाळेकडे चालत गेली. बाजारात दिवेलागण होत होती. जीपगाड्या थांबल्या होत्या, टपांवर त्रिशूळ, काही तर इतके उंच की दोन माणसांनी धरावे लागत. धर्मशाळेच्या पटांगणात चुली पेटल्या होत्या, आणि सगळीकडे वऱ्हाडी बोलणं ऐकू येत होतं. बाबा एका सतरंजीवर मांडी घालून बसले होते, हातात भाकरी, आणि मोठमोठ्याने बोलत होते. "मले तं वाटलं, ह्या वयात काय जमते! पण जमलं बाप्पा. तुमाले सांगतो…" आजूबाजूचे हसत होते. तोंडात घास असतानाच तेही हसले. कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. भाकरीचा तुकडा हनुवटीला चिकटला होता आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली. हा माणूस तिने कधी पाहिला होता? फार पूर्वी, फार लहान असताना, कदाचित. घरी ते जेवताना खाली मान घालून जेवत, प्रत्येक घासानंतर नॅपकिनने ओठ टिपत, आणि आई कौतुकाने सांगायची की वयाबरोबर शांत झालेत. गोळ्या हातात तशाच होत्या. आत गेलं तर त्यांना तिची ओळख करून द्यावी लागली असती, किंवा नसती. यातलं कुठलं जास्त वाईट हे तिला ठरवता येईना. ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी मटकुलीनंतर घाट लागला. वळणामागे वळण, पळस फुललेला, खाली दरीत धुरकट ऊन. क्लबचे लोक एकेक करून पुढे गेले. अमृता मुद्दामच मागे राहिली. आता सांगायचंच, निदान त्यांना तरी काहीतरी म्हणायचं, असं तिच्या मनात होतं. बाबा सायकलवरून उतरून ती ढकलत चालले होते. तीही उतरली. त्यांच्या श्वासाची शिट्टी तिला ऐकू येत होती. यात्रेकरूंची एक टोळी मागून आली, पायी, अनवाणी. त्यातली एक म्हातारी बाबांच्या त्रिशुळाला हात लावून पाया पडली, मग अमृताकडे पाहून थांबली. तिचा चेहरा निरखला, बाबांचा निरखला.

"लेक होय का तुमची?"

आसपास क्लबचं कुणी नव्हतं. वळणापलीकडेही कुणी नव्हतं. अमृताने श्वास घेतला. तिला वाटलं, आता ते हो म्हणतील आणि सगळं आपोआप सुटेल, तिला काही करावंच लागणार नाही.

"नाही बाई," बाबा म्हणाले. "ह्या भोपाळच्या. ह्यायचे लोक समोर गेले."

म्हातारी "बरं बाप्पा" म्हणून पुढे गेली. कुणासाठी म्हणाले हे? इथे कुणाला वाचवायचं होतं? तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते हँडलवर ओणवून रस्त्याकडे पाहत ढकलत होते, कपाळावरून घाम नाकावर येत होता. अगदी तिच्यासारखं कपाळ. तिला बोलायचं होतं, पण ती म्हणाली ते इतकंच, "पाणी देऊ?" आणि ते म्हणाले, "आहे माझ्याजवळ."

ती सायकलवर बसली आणि जोरात पुढे निघाली. मांड्या जळत होत्या, छाती फुटत होती. पुढच्या वळणावर झाडाखाली क्लबचे सगळे संत्री सोलत बसले होते. ती सायकल उभीही न करता, ती तशीच पडू देऊन, म्हणाली, "वो मेरे पिताजी हैं. अंकल. मेरे पिताजी हैं वो." आवाज इतका चिरका आला की झाडावरचं माकड हललं.

कुणी दचकलं नाही. निनादने हातातल्या फोडीकडे पाहिलं. विक्रांत उठला, तिची सायकल उचलून झाडाला टेकवली आणि हळूच म्हणाला, "पता है, अमृता."

"कधीपासून?" तिने दीप्तीला विचारलं. मराठीत.

"अगं, पुलावर," दीप्ती म्हणाली. "तू त्यांची वाट बघत होतीस. आणि ते आल्यावर तोंड फिरवलंस. परक्या माणसाची अशी वाट कोण बघतं? म्हणून तर मी त्यांना मुलांचं विचारलं. शिवाय चेहरा… निनादने तर चहा पितानाच ओळखलं." मग तिचा हात धरून, समजुतीच्या सुरात, "आम्हाला वाटलं, घरचं काहीतरी असेल. म्हणून बोललो नाही."

म्हणजे काल दुपारपासून सगळे पाहत होते. ती बशीकडे पाहत नव्हती हे, लॉजवर आग्रह केला नाही हे, लड़की बाहर रहती है हे ऐकून तिने चहा संपवला हे. आणि दया येऊन गप्प राहिले होते. तिला वाटलं होतं की सांगितल्यावर लाज संपेल. ती नुकतीच सुरू होत होती.

ती वळण उतरून परत खाली गेली. बाबा एका दगडावर बसले होते, पोटरी चोळत. पायात गोळे आले होते. ती समोर उकिडवी बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन दाबू लागली. त्यांनी काढून घेतला नाही.

"सांगितलं मी त्यांना," ती म्हणाली. "त्यांना आधीच माहीत होतं."

"असेल," ते म्हणाले.

"बाबा, काल सकाळी मी… मला माहीत नाही कसं झालं. तुम्ही रागवा ना. तुम्ही बोला काहीतरी." ती रडत होती. "आणि आत्ता त्या आजींना 'नाही' का म्हणालात? तिथे तर कुणीच नव्हतं."

घाटाखालून कुठूनतरी "हर हर महादेव" आलं, दुसऱ्या टोळीने उत्तर दिलं.

"राग नाही आला," ते म्हणाले. "खरं सांगू का? हबीबगंजला तू नाही म्हणालीस ना, तवा मले आधी असं झालं," त्यांनी छातीवर हात ठेवला, "धस्सकन. पण मंग नदी ओलांडली तवा काय वाटलं मालूम आहे? का आता आपल्याले सांभाळून वागाची गरज नाही. कसाबी चहा पेवाचा, कसंबी बोलाचं. तुले खाली पाहावं लागन, याचं भेव नाही. दोन दिवस लई मजेत गेले मा, अमू. म्हणून त्या बाईले नाही म्हटलं. मले वाटलं, चौरागडावरून उतरेपर्यंत राहू द्यावं असंच."

तिचे हात त्यांच्या पोटरीवर थांबले. ते रागाने बोलले असते तर तिने माफी मागितली असती. ते दुखावले गेले असते तर तिने त्यांना मिठी मारली असती. पण ते खरोखरच आनंदात होते, तिच्याशिवाय. किती वर्षं? सातवीपासून? प्रत्येक जेवणाला, प्रत्येक पाहुण्यासमोर, दार वाजलं की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघून, आवाज किती ठेवायचा ते ठरवून. स्टेशनवरच्या त्या एका वाक्याने तिने त्यांच्या कपाळी काही नवं लिहिलं नव्हतं. जे रोजचंच होतं ते पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं, आणि त्यांनी ते सुटका म्हणून घेतलं होतं.

"चला," ते उठत म्हणाले. "लोक थांबले असतील." आणि पाय टेकून पाहून, "मला आता बरं वाटतंय."

मला.

दोघं शेजारी शेजारी सायकली ढकलत वर आली. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, विक्रांत बाबांच्या पाया पडला, निनादही. सगळं फार छान झालं, आणि ती तेवढ्यात संत्र्याची सालं गोळा करत राहिली. पचमढीला त्यांनी बाबांना धर्मशाळेत जाऊ दिलं नाही. लॉजमध्ये अमृताच्या खोलीत दुसरी खाट टाकून घेतली. सकाळी सगळ्यांनीच चौरागडावर जायचं ठरलं. संध्याकाळी बाबांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, तेल लावून केस बसवले, आणि जेवायला तिच्या शेजारी येऊन बसले.

लांब टेबल होतं. ताटं आली. बाबा लहान लहान घास घेत होते, तोंड मिटून. वरण चमच्याने घेत होते. विक्रांतने काहीबाही विचारलं तर "हाँ जी", "नहीं जी" एवढंच. एकदा पाणी पिताना घोटाचा आवाज झाला तर त्यांनी पेला लगेच खाली ठेवला. अमृताला त्यांना सांगायचं होतं, बाबा, बोला ना, हसा ना, कसंही जेवा. पण हे त्यांना सांगणारी ती कोण? असं सांगणं म्हणजे पुन्हा त्यांना कसं वागावं ते सांगणंच. तिने त्यांच्या ताटात भात वाढला. ते म्हणाले, "बस, बस. पुरे मला."

"अंकल," टेबलाच्या पलीकडून निनाद पुढे वाकून म्हणाला, "वो डब्बे वाला किस्सा फिर से सुनाइए ना. दीप्ती ने पूरा नहीं सुना था."

सगळ्यांनी माना वळवल्या. हसायच्या तयारीत. बाबांनी घास गिळला, नॅपकिनने ओठ टिपले, आणि काही बोलण्याआधी त्यांनी अमृताकडे पाहिलं.